डोंगर पुन्हा हिरवा होतो, पण माती परत येत नाही



एका उन्हाळ्यातली गोष्ट. अकोट तालुक्यातील एका गावी खताच्या टाक्याचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. काम आटोपेपर्यंत दिवस मावळला. उत्तरेकडे पाहतो तो सातपुड्याच्या अंगावर लाल नागमोडी रेघ! डोंगराला वणवा लागला होता. शेजारी बसलेले एक वयस्कर शेतकरी शांतपणे म्हणाले, "साहेब, हे त दरसालचंच हाय. मिरगाचं पाणी पडलं का डोंगर पुन्हा हिरवागार. अन् रान हाय सरकारचं. आपल्या वावराले त्याचं काय?"

मी विचारले, "काकाजी, तुमच्या घरी प्यायचे पाणी कोठले?"

"वानाच्या धरणाचं नं. आमच्या इहिरीचं त खारं हाय."

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले होते. ते जरा उलगडून सांगतो.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिण्याच्या कामाचे नसते आणि पिकाला दिले तर जमीन चोपण होते. गोडे पाणी येते ते सातपुड्याच्या गाविलगड डोंगरातून. वान, शहानूर, चंद्रभागा, सापन या नद्या तेथून दक्षिणेकडे उतरतात. त्यांवर धरणे झाली. वान धरणाचे पाणी अकोट व तेल्हारा भागात, तर शहानूरचे अंजनगाव व दर्यापूर भागात नळाने पोचते. शिवाय डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि रेतीचा जाड थर आहे. नद्यांचे पाणी तेथे जमिनीत मुरते. अंजनगावचे पानमळे व पानपिंपळी, अकोटकडील केळी, अचलपूरचा संत्रा हे सारे त्याच मुरलेल्या पाण्यावर उभे आहे.

हा डोंगर म्हणजेच मेळघाट. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता आणि १९७४ मध्ये तशी घोषणा झाली. पुढे १९९७ मध्ये नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्ये झाली. नाव वाघाचे असले तरी या राखणीचा लाभ पायथ्याच्या शेतकऱ्याच्या पदरात पडतो. त्याची किंमत मात्र इतरांनी मोजली आहे. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून उठली आणि त्यानंतर आणखी उठली. कोरकू कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्यांची वावरे आणि घरे सोडली. त्या त्यागातून राखलेले रान आपल्या आगपेटीने जळावे, हे शोभत नाही.

आता वणव्याने काय होते ते पाहू. फाल्गुन-चैत्रात सागाची पाने गळून जमिनीवर जाड थर बसतो. पहिल्या पावसाचा मारा हा थर झेलतो आणि पाणी सावकाश मुरू देतो. तो जळाला की टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात. मातीची छिद्रे बुजतात, पाणी मुरण्याऐवजी धावते आणि माती घेऊन थेट धरणात उतरते. धरणात गाळ साचला की तितकेच पाणी कमी मावते. मोठा साग मुळाशी जिवंत असतो, त्याला पालवी फुटते. जळतात ती कोवळी रोपे. म्हणून जून-जुलैत डोंगर हिरवा दिसतो आणि आपण फसतो.

ग्रीस देशातील उदाहरण सांगतो. अथेन्स या राजधानीच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर पार्निथा नावाचा १,४१३ मीटर उंचीचा डोंगर आहे. १९६१ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे. जून २००७ च्या अखेरीस तेथे वणवा शिरला आणि हजारो हेक्टर रान जळाले. तेथील फर जातीचे झाड जळाले की मुळापासून पुन्हा फुटत नाही. काळा झालेला डोंगर सगळ्या शहराने पाहिला आणि हळहळ केली. ऑगस्ट २०२३ मध्ये पार्निथावर पुन्हा आग पोचली. तेथील नुकसान डोळ्यांना दिसते. आपले नुकसान मातीत आणि धरणाच्या तळाशी दडते, एवढाच फरक.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, धुरे पेटवू नका. काडीकचरा, पऱ्हाटी आणि पालापाचोळा नाडेप टाक्यात भरा. ही पद्धत आपल्याच विदर्भातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी दिली. पऱ्हाटी मात्र बारीक तुकडे करून भरावी, नाहीतर ती कुजत नाही. दुसरी गोष्ट, मोहफुले वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून एकीकडे लोटावा. तिसरी, बिडीचे थोटूक आणि स्वयंपाकाची चूल रानात पाणी ओतून विझवावी. चौथी, वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते. तिला लागून ज्यांची शेते आहेत त्यांनी आपल्या बाजूचे गवत वेळीच कापून घरी न्यावे. गुरांना ते उपयोगी पडेल.

असे जमते का? जमते. अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकडी राखली, झाडे लावली आणि सीताफळ विकून गावातच रोजगार उभा केला. जंगल आपले वाटले म्हणजे आग विझवायला हाक मारावी लागत नाही.

त्या काकाजींनी निरोप देताना विचारले, "मंग हे पोराईले कोन सांगन?" मी म्हणालो, "तुम्हीच सांगा. साहेबापेक्षा आज्याचे ते लवकर ऐकतील." यंदा होळीनंतर, रान वाळू लागताच, आपणही आपल्या घरी ही गोष्ट सांगावी, एवढी विनंती आहे.