एक खटका, आणि ‘ई’चा ‘डी’!

कॉलेज फेस्टचं स्टेज. तुमच्या बँडला मिळालीयत जेमतेम पंधरा मिनिटं. दुसरं गाणं संपलं, तिसरं ‘ड्रॉप डी’मध्ये आहे. बासिस्ट मान खाली घालून खुंटी पिळतोय, ट्यूनरचा दिवा काही हिरवा होत नाही आणि पब्लिकनं मोबाइल बाहेर काढलेत. ओळखीचं वाटतंय ना?

‘गिटारची तार उतरवली ना, मग बासची कशाला?’ असं विचारणारा एक जण प्रत्येक बँडमध्ये असतोच. त्याला हा हिशेब दाखवा. गिटारची सगळ्यात जाड तार ई वरून डी वर आणली की ती साधारण ७३ हर्ट्झवर वाजते. बासच्या ए तारेवर पाचव्या फ्रेटला मिळणारा डीसुद्धा तेवढाच! म्हणजे दोघं एकाच सुरावर आणि गाण्याखालची जमीन गायब. बासची ई तार ४१ हर्ट्झवरून ३७ च्या आसपास उतरवली, की बास पुन्हा गिटारच्या एक सप्तक खाली जातो.

हे काम क्षणात करणारा जुगाड म्हणजे ड्रॉप ट्यूनर. हिपशॉट या अमेरिकन कंपनीचा ‘बास एक्स्टेंडर’ त्यातला सगळ्यात माहितीतला. ई तारेची नेहमीची खुंटी काढून तिथे ही खटकावाली खुंटी बसवायची. खटका दाबला की ताण ठरावीक इतकाच सैल होतो, उलटा फिरवला की तार परत ई वर. कल्पना जुनीच आहे. बँजोवादक बिल कीथ यांच्या, दोन ठरलेल्या सुरांवर थांबणाऱ्या खुंट्या १९६० च्या दशकातल्या. बासवर मायकल मॅनरिंग तर असे खटके वाजवता वाजवता फिरवतात, म्हणजे सूर बदलणं हाच संगीताचा भाग!

सेटिंगचा क्रम मात्र चुकवू नका. आधी खटका नेहमीच्या जागी ठेवून खुंटीनं ई लावा. मग खटका फिरवा आणि छोट्या स्क्रूनं डी लावा. कानानं तपासायचंय? उतरवलेल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि मोकळी डी तार एकसारखी वाजायला हवी. नंतर कधीही ई हलवलात, तर डी पुन्हा तपासा. तार परत येताना बेसूर होत असेल, तर नटच्या खाचेत अडकत असेल. तिथे पेन्सिलचं शिसं घासा. नव्या तारा आधी हातानं ओढून थोड्या ताणून घ्या. स्टेजवर खटका फिरवताना तार तळहातानं दाबून धरा, नाहीतर घसरणारा सूर सगळ्यांना ऐकू जाईल.

आता खरी गोम. खटका तार उतरवतो, बोटं नाही! तिसऱ्या फ्रेटवरचा जी आता पाचव्यावर सरकतो. त्या तारेवरचा प्रत्येक सूर दोन घरं पुढे, बाकीच्या तीन तारा मात्र जिथल्या तिथे. फायदाही आहे: मूळ सूर आणि त्याचा पंचम शेजारच्या तारांवर एकाच फ्रेटला, एकाच बोटाखाली येतात. पण सवय व्हायला वेळ लागतो. शिवाय सैल तार फ्रेटवर खडखडू शकते. मग १०५ ऐवजी ११० ची जाड तार लावून बघा.

म्हणून पॉकेटमनी खर्च करण्याआधी एक फुकटातली टेस्ट. प्रॅक्टिसला तार हातानं उतरवा आणि अख्खं गाणं न अडखळता वाजवून दाखवा. सेटमध्ये असं गाणं एकच असेल, तर ते सुरुवातीला ठेवा, स्टेजवर चढण्याआधीच ट्यून करा, पैसे वाचले. सारखं बी किंवा सी पर्यंत खाली जायचं असेल, तर पाच तारांचा बास बरा. पण ई आणि डी मध्ये ये-जा करणारी तीन-चार गाणी असतील आणि चार तारांचाच बास हाताला बसलेला असेल, तर हा खटका तुमच्यासाठीच आहे. फक्त आपल्या हेडस्टॉकला बसणारं मॉडेल कुठलं, ते आधी मापून घ्या.