आशा म्हणजे पगारी परिचारिका नव्हे

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ (गावातीलच प्रशिक्षित आरोग्य-स्वयंसेविका) ही सरकारी हुद्द्यावरील परिचारिका होय, असा समज सर्वत्र आढळतो आणि तिचा वावर पाहता तो स्वाभाविकही आहे. वस्तुतः अडल्या शेतकऱ्याला कचेरीत योग्य कारकुनापुढे नेऊन उभे करणाऱ्या जाणत्या शेजाऱ्यासारखे तिचे कार्य असते; प्रसूती ती करीत नाही, तर गरीब गर्भवतीची नोंदणी व तपासणी वेळेवर होते ना, हे पाहून तिला रुग्णालयापर्यंत सोबत करते. बाळंतीण घरी परतल्यावरही ३ऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत ६ वेळा येऊन, झोळीच्या काट्याला बाळ तोलून, मिनिटभर घड्याळाकडे पाहत ती त्याचे श्वास मोजते. ते ६० वा अधिक भरले, तर तत्काळ दवाखाना. मोबदला मात्र, काहीशा अन्यायानेच, बव्हंशी कामागणिक.