दीर्घकालीन फुप्फुसविकारातील निद्रा : रात्रकालीन श्वसनसाहाय्य आणि प्रश्नावलीची भाषा

निरोगी मनुष्यास निद्रा ही विश्रांती होय. परंतु ज्याच्या श्वासनलिका वर्षानुवर्षे अरुंद होत गेल्या आहेत, अशा रुग्णाच्या श्वसनसंस्थेस रात्र ही दिवसाहून अधिक कष्टाची असते. वैद्यकात ज्यास सीओपीडी म्हणतात तो फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधक विकार बहुधा धूम्रपानाने जडतो. तथापि आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, विडीस कधीही न शिवलेल्या स्त्रियांतही तो आढळतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने विसरता कामा नये. या विकारात रात्री यंत्राने श्वासास साहाय्य दिले असता काय साधते, आणि जे साधते ते ‘चांगली झोप’ या नावास पात्र आहे की नाही, हा प्रश्न वाटतो तितका केवळ वैद्यकाचा नाही.

या विकारात उच्छ्वास पुरा होत नाही. हवा फुप्फुसांत कोंडून राहते, फुप्फुसे फुगतात आणि एरव्ही घुमटासारखे असणारे श्वासपटल सपाट होऊन त्याचे बळ घटते. ही उणीव रुग्ण मानेच्या व बरगड्यांमधील स्नायूंनी भरून काढतो. खुर्चीच्या हातांवर भार देऊन, खांदे उचलून श्वास घेणारा वृद्ध अनेकांनी पाहिला असेल. आता निद्रेचा विचार करावा. आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी शिकागो येथे १९५३ साली निद्रेच्या ज्या अवस्थेचे वर्णन केले, तीत बंद पापण्यांखाली डोळे जलद हलतात, स्वप्ने पडतात आणि शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल होतात. श्वासपटल तेवढे काम करीत राहते. निरोगी माणसाचे त्यावर भागते. या रुग्णाचे नेमके श्वासपटलच दुबळे, आणि ज्यांच्या आधारावर तो दिवस काढतो ते स्नायू त्या वेळी रजेवर गेलेले. श्वास उथळ होतो, रक्तातील प्राणवायू झपाट्याने उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. पहाटे जाग येते ती डोके जड होऊन. रक्ताची आम्लता सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून ठेवतात. त्यामुळे मेंदूतील श्वसनकेंद्राला साचलेल्या वायूची टोचणी पूर्वीइतकी जाणवत नाही, आणि रात्रीचा बिघाड हळूहळू दिवसात उतरतो.

प्राणवायू द्यावा, हा यावरील सरळ उपाय वाटतो. अमेरिका व ब्रिटन येथील अनुक्रमे १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखविले की, ज्यांच्या रक्तात प्राणवायू फारच कमी असतो त्यांचे आयुष्य दीर्घकालीन प्राणवायूने वाढते. परंतु प्राणवायू आत गेला म्हणून साचलेला वायू बाहेर जात नाही. काही रुग्णांत तर तो वाढतो. बाहेर टाकण्यास हवेची ये-जा वाढावी लागते, आणि थकलेल्या स्नायूंना ती वाढवता येत नसेल तर ते काम अन्य कोणी करावयास हवे.

हे ‘अन्य कोणी’ एके काळी अक्षरशः माणसेच होती. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. रुग्णांच्या रक्तात वाढलेले बायकार्बोनेट हे अल्कतेचे लक्षण समजले जात होते. तो साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आहे, हे ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखले, आणि मग श्वासनलिकेस छेद देऊन शेकडो विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. गळ्यास छेद न देता, केवळ नाकावर बसविलेल्या मास्कमधून दाबयुक्त हवा देण्याचा मार्ग पुढे रूढ झाला. कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी सिडनीत १९८१ साली निद्रेतील श्वासरोधावर तो वापरल्याचे प्रसिद्ध केले. मात्र त्या यंत्राचा दाब सतत एकच असतो, आणि तो घसा मिटू देत नाही. प्रस्तुत विकारात श्वास घेताना दाब अधिक व सोडताना कमी, असे द्विस्तरीय यंत्र लागते. दोन्ही मास्क दिसण्यात सारखे असल्याने हा भेद पुष्कळदा पुसला जातो.

यंत्राचा लाभ होतो काय? याचे उत्तर बराच काळ डळमळीत होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत १४४ रुग्ण होते. यंत्र वापरणारे काहीसे अधिक जगले. परंतु आपले आरोग्य, मनःस्थिती व उत्साह यांविषयी त्यांनी दिलेली उत्तरे अधिक खालावलेली निघाली. येथे दाब बेताचाच ठेवला होता. नेदरलँड्समध्ये रुग्णालयातील तीव्र आजार ओसरताच २०१ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२०१४) काहीच फरक आढळला नाही. अशा रुग्णांपैकी पुष्कळांचा साचलेला वायू आपोआपच उतरतो, हे त्याचे एक कारण असावे. त्याच वर्षी जर्मनी व ऑस्ट्रियातील १९५ स्थिर रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत दाब पुरेसा वाढवून कार्बन डायऑक्साइड निदान वीस टक्क्यांनी किंवा ठरावीक मर्यादेखाली उतरविणे हेच उद्दिष्ट होते. वर्षभरात यंत्र वापरणाऱ्यांतील १२ टक्के, तर न वापरणाऱ्यांतील ३३ टक्के रुग्ण दगावले. ब्रिटनमधील ११६ रुग्णांच्या चाचणीने (२०१७) पुनः रुग्णालयात दाखल होणे अथवा मृत्यू येणे हा काळ १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांपर्यंत लांबतो असे दाखविले. तेथे तीव्र आजारानंतर दोन ते चार आठवडे थांबून, वायू अजूनही चढलेलाच आहे अशांनाच निवडले होते. एकूण, सर्वांना यंत्र हा मार्ग नव्हे. ज्यांच्या रक्तात वायू टिकून साचतो त्यांनाच ते उपयोगी, आणि तेही पुरेशा दाबाने.

पण एवढ्या दाबाचा वारा तोंडावर घेऊन मनुष्य झोपेल कसा? जर्मनीत २०११ साली झालेल्या एका लहान तुलनेत अधिक दाबाने झोप कमी दाबाहून बिघडली नाही असे आढळले. मेंदूच्या विद्युल्लहरी नोंदवून काढलेला हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु मास्क रात्री लावावा की भिंतीवरच्या खुंटीस टांगावा हे विद्युल्लहरी ठरवीत नाहीत. रुग्णाला काय वाटते यावर ते ठरते, आणि वाटणे मोजण्याचे साधन म्हणजे प्रश्नावली.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. पिट्सबर्ग येथे १९८९ साली सिद्ध झालेली निद्राविषयक प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. तिचे गुण शून्य ते एकवीस असून पाचांहून अधिक गुण म्हणजे झोप वाईट. अंथरुणात घालविलेले तास आणि प्रत्यक्ष झोपेचे तास यांत ती कटाक्षाने भेद करते. मराठीत ‘झोपणे’ या एका क्रियापदात हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘दहाला झोपलो, पण दोनपर्यंत झोप लागली नाही’ हे वाक्य कोणासही विसंगत वाटत नाही. तेव्हा ‘आपण किती तास झोपता?’ असे विचारले तर दोन निराळ्या राशी एकाच रकान्यात पडतील. शिवाय मराठीत झोप ही करावयाची क्रिया नसून अंगावर येणारी वस्तू आहे : ती येते, लागते, मोडते, उडते, पुरी होते. ‘झोपेची गुणवत्ता’ हा शब्दप्रयोग भाषांतरकाराच्या टेबलावर जन्मलेला असून सातारा जिल्ह्यातल्या आजीबाईंना त्याचा बोध होणे कठीण आहे. ‘झोपमोड किती वेळा होते?’ आणि ‘सकाळी उठल्यावर झोप पुरी झाल्यासारखी वाटते का?’ हे प्रश्न त्यांना नेमके कळतील.

श्वासाच्या शब्दांत तर घोटाळा याहून दाट आहे. ‘दम’ हा फारसीतून आलेला श्वासवाचक शब्द. ‘दमा’ हे रोगनामही तेथलेच. पण मराठीत ‘दम लागतो’ म्हणजे श्वास पुरत नाही आणि ‘दमायला होते’ म्हणजे थकवा येतो. घाईने लिहून घेणाऱ्याच्या कागदावर ही दोन्ही विधाने एक होतात. ‘जीव घाबरा होतो’ यात तर श्वास आणि भीती वेगळ्या काढताच येत नाहीत. दीर्घकालीन श्वसनाक्षमतेसाठी जर्मनीत २००३ साली तयार झालेल्या ४९ विधानांच्या प्रश्नावलीत मात्र श्वसनाच्या तक्रारी व चिंता यांचे गुण निरनिराळ्या गटांत मोजले जातात. निद्राही तेथे अनुषंगिक लक्षणांसह एका स्वतंत्र गटात आहे. मराठी रुग्णाने ‘मास्क लावला की जीव घाबरा होतो’ असे म्हटले तर ते कोठे नोंदवावे? त्यास मास्क घट्ट बसत असेल, दाब अपुरा असेल, किंवा तोंड झाकले जाण्याचेच भय वाटत असेल. या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे : मास्क बदलणे, दाब वाढविणे, अथवा दिवसा थोडा थोडा वेळ लावून सवय करणे. उत्तर चुकीच्या रकान्यात गेले तर दाब अपुरा असलेल्या रुग्णाचाच दाब, त्याला सोसवत नाही असे समजून, कमी केला जाईल.

केवळ उलट-अनुवाद करून मूळ शब्दाशी मेळ पाहण्याची रीत येथे पुरी पडत नाही. ‘गुणवत्ता’ हा शब्द त्या कसोटीस सहज उतरतो, आणि तरीही रुग्णास कळत नाही. मसुदा प्रथम रुग्णांसमोर वाचून, प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ घेतला हे त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावणे, हीच त्यापुढील आवश्यक पायरी होय. त्यातही पुण्याच्या दवाखान्यात बसलेला निवृत्त कारकून आणि कोकणातील वा वऱ्हाडातील शेतकरी स्त्री यांचे उत्तर एका नमुन्यात धरता येणार नाही. ‘धाप’, ‘दम’, ‘श्वास कोंडणे’ यांपैकी कोणता शब्द कोण कशासाठी वापरतो याची प्रदेशवार नोंद आधी हवी, आणि ती बोलींचा अभ्यास करणाऱ्यांच्या आवाक्यातली आहे.