हौशी मंडळांच्या निवडणुका : उपस्थिती हवी, उणीदुणी नकोत

गिर्यारोहण, छायाचित्रण वा नाणेसंग्रह करणाऱ्या मंडळांच्या निवडणूक सभेच्या सूचनेत बहुधा एक ठरावीक वाक्य असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही! सभासद घरी राहिले, की याच आधारे मूठभर उपस्थित कार्यकारिणी ठरवतात.

सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळाने कार्यकारिणीतील बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावयाचा असतो. प्रचारातील कटुता तेथे हरकतींच्या रूपाने पोहोचली, की वाद लांबतो आणि मोहिमा, प्रदर्शने मागे पडतात. म्हणून उमेदवारांनी परस्परांवर आरोप करण्याऐवजी वर्गणी, हिशेब व नियोजित उपक्रमांविषयी लेखी निवेदन द्यावे आणि सभासदांनी ठरल्या वेळी सभागृह गाठावे, हेच हिताचे.