ज्वारीची वर्गणी आणि गावाचा डॉक्टर



लागण, खत, पाणी आणि तोडणी यांवर आपण या पानांत नेहमी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, पण सहकाराला धरून आहे.

वैद्यकीय शिक्षण आता आपल्या नाशिककरांना नवे राहिलेले नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली आपल्या नाशकात सुरू झाले. आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आहे. शेजारच्या लोणीला, सहकारी साखर कारखानदारी जिथे रुजली त्या प्रवरा परिसरात, १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कॉलेजे निघाली ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिथे कोणाची मुले शिकतात आणि शिकून कोणाच्या उपयोगी पडतात, हा खरा प्रश्न आहे. या कसोटीला उतरलेले एक कॉलेज वर्धा जिल्ह्यात आहे. त्याचीच माहिती आज देत आहे.

सेवाग्रामचे कॉलेज

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सेवाग्रामला १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. संस्थापक डॉ. सुशीला नय्यर. त्या गांधीजींच्या डॉक्टर होत्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. मोठे कॉलेज शहरातच असावे, ही समजूत त्यांनी मोडली आणि खेड्यात कॉलेज काढले.

इथली शिक्षणाची पद्धत निराळी. नवीन मुले-मुली आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात, खादी वापरतात, श्रमदान करतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथे पंधरा दिवस मुक्काम करते. प्रत्येकाला काही घरे वाटून दिलेली असतात. घरात माणसे किती, पाणी कुठले, आजार कोणते, हे तो विचारतो आणि पुढेही त्या घरी जात राहतो. आपला गटातला माणूस प्लॉट न प्लॉट फिरून नोंद घेतो, तसेच हे. बांधावर न जाता उसाचा सल्ला देता येत नाही. घर न पाहता औषध देणेही तसेच आहे. मेळघाटात उतावलीला या संस्थेचे रुग्णालय चालते. तिथे बायाबापड्यांशी बोलायचे तर कोरकू कळावी लागते.

ज्वारी घ्या, पण सगळ्यांची

सभासदांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत आरोग्य विमा सुरू केला. वर्गणी रोखीने नव्हे, ज्वारीत. कारण सुगीला शेतकऱ्याच्या घरात धान्य असते, पैसा नसतो. आपल्याकडे उसाच्या बिलातून कपात सोपी जाते, त्यातलाच प्रकार.

वर्गणी सरसकट सारखी नव्हती. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीन मजुराने थोडी. उपचार मात्र दोघांना सारखा. आपण कारखान्यात शेअर्स कितीही असले तरी एक सभासद एक मत मानतो ना, तोच हा न्याय.

अट एकच, पण कडक. गावातली निदान ७५ टक्के कुटुंबे सामील झाली तरच योजना. फक्त आजारी माणसेच वर्गणी भरू लागली तर फंड बुडणार, आणि फक्त सधन घरे आली तर गरीब बाहेर राहणार. जमलेल्या धान्यातून गावातल्या आरोग्य सेवकाचा आणि नेहमीच्या औषधांचा खर्च भागवायचा. अचानक उद्भवलेल्या दुखण्याला रुग्णालयात फुकट उपचार. नेहमीचे बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा आधी ठाऊक असलेल्या कामाला चौथा हिस्सा रुग्णाने द्यायचा.

ज्वारीवर सगळे रुग्णालय चालले असे कोणी समजू नये. संस्थेच्या खर्चाचे सूत्र केंद्र सरकार निम्मे, राज्य सरकार पाव आणि कस्तुरबा हेल्थ सोसायटी पाव असे आहे. पण मूठभर ज्वारी दिल्याने गाव दवाखान्यात हात जोडून उभे न राहता हक्काने जाऊ लागले.

आपल्या गटाचे काय?

राज्यात वैद्यकीय प्रवेशात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा आहेत. आपल्या सुरगाणा, पेठ, कळवणची मुलगी त्या जागेवर डॉक्टर होते, तेव्हा कोकणा बोलणाऱ्या म्हातारीला आपले दुखणे आपल्या बोलीत सांगता येते. ही मेहेरबानी नव्हे, उपचाराचीच गरज आहे. एकाच जातीचा ऊस सगळ्या गटात लावला तर हंगाम साधत नाही. लवकर पक्व होणारा को.सी. ६७१ लागतो, तसा को. ८६०३२ ही लागतो. सगळे डॉक्टर एकाच थरातून आले तर खेड्यातला दवाखाना रिकामाच राहायचा.

आणि आता आपल्याच फडाकडे पाहू. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी आली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. खाडा पडला तर पैसे कापतात, अड्ड्यावर आडोसा नाही, पाणी नाही, साध्या दुखण्याला वेळेवर डॉक्टर नाही. त्यातून ही वेळ आली. ज्यांच्या कोयत्यावर आपला गाळप हंगाम चालतो त्यांच्यापैकीच या बाया आहेत. हा कलंक बीडचा नाही, साखरेचा आहे.

म्हणून सभासदांना विनंती. टोळी उतरेल तिथे पिण्याचे पाणी आणि आडोशाची सोय आधी करावी. टोळीत गरोदर बाई असेल तर मुकादमाकडून नाव घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. अडचणीच्या वेळी १०८ नंबरची गाडी मोफत येते, हे प्रत्येक कोप्यावर सांगावे. आजारी बाईचा खाडा धरू नये, असे मुकादमाला बजावावे. आणि पुढच्या गट बैठकीत सेवाग्रामच्या धर्तीवर एक विषय घ्यावा: उसाच्या बिलातून ऐपतीप्रमाणे थोडी कपात करून सभासद आणि तोडणी मजूर या दोघांसाठी आरोग्य निधी उभारता येईल का?

ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना जे जमले, ते बागायतदारांना जड जाऊ नये.

— ऊस विकास अधिकारी