सच्छिद्र बहुवारिकावरील धातूंचे नॅनोकण : पुनर्वापराची कसोटी

रायगड जिल्ह्यातील धाटाव (ता. रोहा) येथील रासायनिक औद्योगिक वसाहतीलगत कुंडलिका नदी वाहते. अभिक्रिया संपल्यावर धातूचे काय होते, हा प्रश्न अशा परिसरात केवळ पुस्तकी राहत नाही.

नायट्रो संयुगांपासून अमाईन मिळविण्याच्या जुन्या पद्धतीत लोखंडाचा कीस व आम्ल वापरले जाई आणि लोहऑक्साइडाचा गाळ उरे. पॅलेडियमच्या सान्निध्यात हायड्रोजन वापरल्यास उपपदार्थ म्हणून मुख्यतः पाणीच मिळते. मात्र हा धातू अत्यंत महाग आहे. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे 10 नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास एकूण पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटरवरून 600 चौरस मीटर होते. म्हणूनच थोडा धातू पुरतो. परंतु असे मोकळे कण एकमेकांस चिकटून मोठे होतात व गाळून वेगळे करणेही कठीण जाते. त्यांना आधार हवा.

स्टायरीन व डायव्हिनिलबेंझीन यांचे बहुवारिक टोल्युइनसारख्या द्रवासह घडवितात. द्रव काढून टाकला की त्याच्या जागी छिद्रे उरतात. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या जोहे (ता. पेण) येथील कारागिरांना हे तत्त्व परके वाटू नये. प्लास्टर कालविताना घातलेले जादा पाणी सुकल्यावर मूर्तीतही अशीच छिद्रे राहतात. छिद्रांच्या भिंतींवरील रासायनिक गट पॅलेडियमचे आयन धरून ठेवतात. पुढे क्षपणाने तेथेच नॅनोकण तयार होतात. ॲसिटोनपासून मिथाइल आयसोब्युटिल कीटोन एकाच टप्प्यात बनविण्यासाठी आम्लधर्मी रेझिनवरील पॅलेडियम उद्योगात वापरले जाते.

खरी मेख पुनर्वापराच्या दाव्यात आहे. अनेक शोधनिबंध प्रत्येक फेरीअखेरचे उत्पादन देऊन थांबतात. एका तासात पुरी होणारी अभिक्रिया पाच तास चालविली, तर निम्मा उत्प्रेरक निकामी होऊनही आकडा तोच दिसू शकतो. अभिक्रिया अर्धवट असतानाचा वेग प्रत्येक फेरीत मोजणे अधिक प्रामाणिक होय.

दुसरी शंका धातू सुटून द्रवात जाण्याची. त्यासाठी मिश्रण गरम असतानाच गाळून, गाळलेल्या द्रवात अभिक्रिया पुढे सरकते का हे पाहतात. थंड होऊ दिल्यास सुटलेले पॅलेडियम पुन्हा आधारावर बसते आणि दोष झाकला जातो. औषधनिर्मितीत ही गळती विशेष गंभीर ठरते; आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पोटात घेण्याच्या औषधांतून दिवसाला कमाल 100 मायक्रोग्रॅम पॅलेडियमच अनुज्ञेय आहे. म्हणून आधारावर किती धातू उरला एवढेच न पाहता उत्पादनात व सांडपाण्यात किती गेला, याचेही विश्लेषण करावे लागते.