सही करणाऱ्या बायका

महाराष्ट्रातल्या बऱ्याच तालुक्यांच्या गावी एक पाटी दिसते: 'लोकसंचालित साधन केंद्र'. आत बहुधा भाड्याच्या दोन-तीन खोल्या. लोखंडी कपाटात बचत गटांच्या फायली, भिंतीवर गावनिहाय तक्ता, टेबलावर संगणक आणि बैठकीचा दिवस असेल तर दाराशी चपलांची गर्दी. या संस्थेचं संचालक मंडळ पाहिलं की नवखा माणूस थबकतो. त्यात कुणी रोजाने निंदणी-खुरपणीला जाणारी असते, कुणी चार शेळ्या सांभाळणारी, कुणी एकटीने घर चालवणारी, कुणाची शाळा चौथीतच सुटलेली. ज्यांची गरिबी हटावी म्हणून ही संस्था निघाली, त्याच तिचा कारभार पाहतात.

गरिबी निर्मूलनाच्या योजना आपल्याकडे कमी नाहीत. त्यांत गरीब माणसाची जागा मात्र ठरलेली असते, लाभार्थ्यांच्या यादीत. अर्ज त्याने करायचा, निर्णय दुसऱ्याने घ्यायचा. लोकसंचालित साधन केंद्रात हा निर्णयाचा अधिकार गरीब बायकांच्या हाती आला. तो अधिकार जबाबदारीने वापरणाऱ्या संचालक आणि त्यांच्यासोबत गावोगाव फिरणाऱ्या सहयोगिनी यांची नावं तालुक्याबाहेर कुणाला माहीत नसतात. महाराष्ट्राने ज्यांचा गौरव करायला हवा अशा माणसांत मी त्यांना फार वरचं स्थान देतो.

या केंद्रांची मुळं महिला आर्थिक विकास महामंडळात, म्हणजे माविममध्ये आहेत. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला राज्य शासनाने माविमची स्थापना केली. पुढे १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि गटांची चळवळ राज्यात पसरत गेली. २००३ मध्ये महिला सक्षमीकरणाच्या कार्यक्रमांसाठी शासनाने माविमला समन्वय यंत्रणा म्हणून नेमलं. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या, म्हणजे आयफाडच्या साहाय्याने 'तेजस्विनी' कार्यक्रम सुरू झाला, तो २०१८ पर्यंत चालला. त्याच काळात राज्याच्या ग्रामीण भागात ३१५ लोकसंचालित साधन केंद्रं उभी करण्याचं काम झालं आणि त्यांच्याभोवती सुमारे १० लाख बायका गटांत संघटित झाल्या.

या कार्यक्रमात एक गोष्ट फार दूरदृष्टीने ठरवलेली होती. प्रकल्प आज ना उद्या संपतो, निधी थांबतो, अधिकारी बदलून जातात. मग गटांकडे कोण बघणार? हिशेब कोण तपासणार, बँकेत सोबत कोण जाणार? यावर उत्तर म्हणून बायकांचीच नोंदणीकृत संस्था उभी करायची, तिचे पदाधिकारी त्यांनीच निवडायचे, कर्मचारी तिनेच नेमायचे आणि हळूहळू खर्चही तिने आपल्या उत्पन्नातून भागवायचा, असं ठरलं.

रचना तीन पायऱ्यांची आहे. खाली १० ते २० जणींचा गट. त्यावर गावातल्या सगळ्या गटांची मिळून गाव पातळीवरची समिती. आणि वीसेक गावांतले दीड-दोनशे गट मिळून एक केंद्र. गावांच्या प्रतिनिधींतून कार्यकारिणी निवडली जाते, तीतून अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरतात. केंद्राचा रोजचा कारभार व्यवस्थापक आणि लेखापाल बघतात आणि गावपातळीवरचं सगळं काम सहयोगिनी. संस्था नोंदलेली असल्यामुळे लेखापरीक्षण, वार्षिक सर्वसाधारण सभा, बँकेतले सह्यांचे अधिकार हे सगळं कायद्याप्रमाणे करावं लागतं. एरवी गावात ज्यांना रेशनकार्डाच्या कामालाही कुणाला तरी सोबत न्यावं लागे, अशा बायका आता ताळेबंदावर सही करतात.

महिन्याच्या बैठकीत हे काम जवळून दिसतं. सकाळचा स्वयंपाक, जनावरांचं शेण-पाणी आटोपून संचालक एसटीने किंवा वडापने येतात. मागील बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम केलं जातं. मग लेखापाल जमाखर्च मांडते आणि इथून खरी बैठक सुरू होते. प्रवास खर्चाचा आकडा मोठा दिसला की कुणीतरी विचारतेच, ही सहयोगिनी या महिन्यात कुठल्या कुठल्या गावांना गेली, त्याची नोंद दाखवा. थकीत गटांची यादी निघाली की ज्या गावचा गट, तिथल्या संचालिकेकडे सगळ्यांची नजर वळते. तिला कारणं ठाऊक असतात. सोयाबीन गेलं, एकीच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं, दोघी ऊसतोडीला गेल्या आहेत. कारण खरं असेल तर मुदत मिळते. नसेल तर पुढच्या आठवड्यात दोन-तीन संचालकांनी त्या गावी जाऊन गटाची बैठक घ्यायची, असा ठराव होतो. सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहिली जातात, खाली सह्या होतात.

ही जाण बँकेच्या वसुली अधिकाऱ्यापाशी नसते आणि तालुक्याच्या साहेबापाशीही नसते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा हप्ता कधी येईल हे तिच्यासारखंच आयुष्य काढलेली बाई अचूक सांगू शकते. कुठे सवलत द्यायची आणि कुठे धरून बसायचं, हा विवेक संचालकांपाशी अनुभवाने आलेला असतो. गरिबांची संस्था गरिबांनी चालवावी असं मी म्हणतो ते भावनेपोटी नाही. अशा संस्थेचे निर्णय जास्त बरोबर येतात, म्हणून म्हणतो.

आता सहयोगिनीचं काम बघा. गटाची बैठक बहुतेक वेळा संध्याकाळी, बायका रानातून आल्यावर, चूल पेटवण्याआधी किंवा जेवणं झाल्यावर असते. सहयोगिनी पिशवीतून वही काढते आणि गटाची पुस्तकं तपासायला घेते. १२ जणींचा गट, दर महिन्याला प्रत्येकीचे १०० रुपये, म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये बचत. त्यातून अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपयांनी. एकीने १०,००० रुपये घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये. तिने मुद्दलातले १,००० फेडले की पुढच्या महिन्याचं व्याज १८० व्हायला हवं. पुस्तकात परत २०० लिहिलेलं दिसलं की सहयोगिनी तिथे बोट ठेवते आणि गटाच्या सचिवाकडून पुन्हा हिशेब करून घेते. स्वतः दुरुस्त करून मोकळी होत नाही. शिल्लक रोख, पासबुक आणि खतावणी यांचा मेळ बसल्याशिवाय ती सही करत नाही.

शेकडा दोन म्हणजे वर्षाचे २४ टक्के, हे कमी नाही. पण ते व्याज गटाच्याच पेटीत जमतं आणि पुन्हा बायकांच्याच कामी येतं. सावकाराला दिलेलं व्याज गावातल्या एका घरात जातं, तर आठवड्याच्या हप्त्यावर घेतलेल्या खासगी कर्जाचं व्याज थेट तालुक्याबाहेर जातं. या साध्या हिशेबावर गटाची सगळी उभारणी आहे आणि तो चोख ठेवणारं माणूस म्हणजे सहयोगिनी. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब या पंचसूत्रीवर गटाची प्रतवारी होते. प्रतवारी चांगली असेल तर बँक कर्ज देते. म्हणजे एका गावातल्या बायकांना बँकेचं दार उघडतं की नाही, हे बऱ्याच अंशी सहयोगिनीने वहीत करून घेतलेल्या दुरुस्त्यांवर ठरतं.

कर्ज मिळालं की काम संपलं, असंही नाही. शेळी ही गरिबाची गाय म्हणतात, पण पावसाळ्यात आंत्रविषाराने किंवा पीपीआरने कळप बसला की घेतलेलं कर्ज बाईच्या अंगावर पडतं. म्हणून केंद्रांनी गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन पशुसखी तयार केल्या. पशुसखी वेळापत्रकाप्रमाणे जंतनाशक पाजते, लसीकरणाची आठवण करून देते, गाभण शेळीला काय खायला घालायचं ते सांगते, आजार हाताबाहेरचा असेल तर पशुवैद्यकाकडे पाठवते आणि सेवेचे थोडे पैसे घेते. कुठे केंद्राने दूध संकलन सुरू केलं, कुठे डाळ मिल, कुठे शेतमालाची एकत्र विक्री. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्यभरातल्या बचत गटांनी मास्क शिवले, तेव्हा कापड मिळवण्यापासून माल पोचवण्यापर्यंत हीच यंत्रणा उपयोगी पडली.

पैशाच्या पलीकडचा पल्लाही मोठा आहे. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्यासाठी 'घर दोघांचे' म्हणत गटांनी गावोगाव प्रयत्न केले. पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आलं, तेव्हा सभेत उभं राहून बोलण्याची, ठराव वाचून मगच सही करण्याची सवय ज्यांना गटात लागली होती, त्यांतल्या अनेकजणी निवडणुकीला उभ्या राहिल्या.

हे सगळं करणाऱ्यांना मिळतं काय? संचालकांना बैठकीचा प्रवासखर्च, फार तर थोडा भत्ता. बैठकीच्या दिवशी बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही. सहयोगिनीला मानधन मिळतं, तेही तुटपुंजं. ती कर्मचारी केंद्राची. प्रकल्पाचा निधी असतो तोवर बरं चालतं, नंतर केंद्राच्या उत्पन्नावर तिचं मानधन अवलंबून राहतं. गटांची वार्षिक फी आणि सेवाशुल्क हेच ते उत्पन्न, आणि ते गोळा करून आणण्याचं कामही तिचंच. तरीही वर्षानुवर्षं त्याच गावांत फिरणाऱ्या सहयोगिनी आहेत. बायका बँकेचा कागद आला की घरच्यांच्या आधी त्यांना दाखवतात.

केंद्रांच्या वार्षिक सभेत, माविमच्या वर्धापनदिनी, ८ मार्चला यांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. ते व्हायलाच हवेत. ज्या बाईचं नाव आयुष्यात कधी ध्वनिक्षेपकावरून पुकारलं गेलं नाही, तिला गावासमोर व्यासपीठावर बोलावणं ही मोठी गोष्ट आहे. सासू, नवरा, मुलं समोर बसलेली असतात आणि दुसऱ्या दिवसापासून घरात तिचं बैठकीला जाणं कुणी अडवत नाही. पण सन्मानपत्रावर 'आपले कार्य उल्लेखनीय आहे' एवढंच छापून भागत नाही. तिने काय केलं ते लिहा. या संचालिकेने बंद पडत आलेले सहा गट पुन्हा उभे केले, या सहयोगिनीने दोन वर्षं बँकेकडे पाठपुरावा करून अमुक गावाला कर्ज मिळवून दिलं, या लेखापालाने हिशेबातली चूक संस्थेचं नुकसान होण्याआधी दाखवली. असं नेमकं लिहिलं की सत्कार घेणाऱ्या बाईला आपल्या कामाचं मोल कळतं, आणि खाली बसलेल्या तरुण पोरींना कळतं की अशा कामाची नोंद होते.

आणि गौरवाचा दुसरा अर्धा भाग पैशाचा आहे. सहयोगिनीचं मानधन दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा झालं पाहिजे. संचालकांच्या बुडालेल्या मजुरीचा विचार बैठक भत्ता ठरवताना झाला पाहिजे. प्रकल्प संपल्यावरही अनुभवी माणसं टिकावीत म्हणून केंद्रांना राज्याने कायमचा आधार दिला पाहिजे. तेजस्विनीनंतर नव तेजस्विनी आली, तिचीही मुदत कधीतरी संपेल. २०-२५ वर्षांत तयार झालेलं मनुष्यबळ त्या मुदतीबरोबर विखुरलं, तर ते पुन्हा उभं करायला तेवढीच वर्षं लागतील.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या तालुक्यात असं केंद्र आहे का, याची चौकशी करा. असेल तर त्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जा, मागे बसून अहवालवाचन ऐका. सनदी लेखापाल, पशुवैद्यक, वकील, निवृत्त बँक कर्मचारी असाल तर महिन्यातले दोन तास त्या कार्यालयाला द्या. तिथल्या संचालकांना तुमच्या ज्ञानाची गरज आहे. आणि त्यांच्याकडून संस्था कशी चालवायची, हे शिकण्याची गरज आपल्याला आहे.